इथे कोणीतरी बसायचं

१९८४ साली बाजारात आलेल्या ऑप्टिमस प्राइमच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतल्या ट्रकचा रोबो होणाऱ्या खेळण्याच्या, छातीला खिडक्या आहेत. ट्रक असताना त्या केबिनच्या पुढच्या काचा असतात आणि ट्रकचा रोबो केला की त्याच काचांची छाती होते. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण काचांच्या कडेत नख घालून हलकेच ओढलं, तर ती छाती उघडते. आत दोन इवल्या माणसांना शेजारी शेजारी बसता येईल अशी जागा दिसते. खोक्यात मात्र अशी माणसं नसतात. गोष्टीत तर त्यांचं काही कामच नाही. ऑप्टिमस प्राइम स्वतः जिवंत आहे, तो विचार करतो, बोलतो, हळहळतो. त्याला चालवायला कोणी लागत नाही. मग ही जागा केली कोणासाठी?

या प्रश्नाने माझ्या संग्रहाची दिशाच बदलली. आधी मी लहानपणी आवडलेले चेहरे शोधायचो. आताही शोधतो, पण खेळणं हातात आलं की आधी त्याची दारं उघडतात का ते बघतो, काच उचलून बघतो, आत डोकावतो.

त्या प्रश्नाचं उत्तर सापडतं जपानमध्ये. ताकारा कंपनीने १९८० साली डायाक्लोन नावाची खेळणी काढली. त्यात यंत्रं मोठी आणि त्यांना चालवणारी माणसं जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. या चिमुकल्या पायलटांच्या पावलांत लोहचुंबक बसवलेले होते आणि खांदे-मांड्या वळत असल्यामुळे ते कुठल्याही आसनात बसू शकत. १९८२ साली डायाक्लोनमध्ये 'कार रोबो' आले, म्हणजे रस्त्यावर खरोखर धावणाऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती, ज्यांचे रोबो होत. फेअरलेडी झेड, लँबोर्गिनी काउंटाश, लान्चिया स्ट्रॅटोस, निसानची व्हॅनेट. यांची रचना करणाऱ्यांत शोजी कावामोरी होते. रूपांतराची एखादी कल्पना सुचली की ते ती लेगोच्या ठोकळ्यांनी जुळवून बघतात. मला ही माहिती फार आवडते, कारण ही खेळणी हातात घेतली की ती कागदावर सुचलेली नाहीत, बोटांना सुचलेली आहेत हे लगेच कळतं.

माणूस रोबोच्या आत बसतो ही कल्पना तेव्हा जपानमध्ये चांगली रुजली होती. १९७२ साली आलेल्या मॅझिंगर झेड या कार्टूनमधल्या रोबोच्या डोक्यात त्याचा चालक जाऊन बसायचा. पोपी कंपनीने १९७४ साली त्याचं जड धातूचं खेळणं काढलं, 'चोगोकिन' या नावाने, आणि धातूच्या रोबोंचं एक युगच सुरू झालं. रोबो म्हणजे माणसाने अंगावर चढवलेलं प्रचंड शरीर. आत माणूस नसेल तर ते शरीर नुसतं उभं राहणार. डायाक्लोन याच घराण्यातलं.

ताकाराचं दुसरं घराणं अगदी निराळं होतं. १९७४ साली सुरू झालेल्या मायक्रोमॅन मालिकेतली पात्रं साधारण दहा सेंटिमीटर उंचीची होती, आणि गोष्टीतही ती तेवढीच होती. आपल्या घरात, आपल्या टेबलावर लपून राहणारे छोटे जीव. त्यामुळे १९८३ साली याच मालिकेत 'मायक्रो चेंज' नावाने रूप बदलणारे रोबो आले, तेव्हा ते घरातल्या खऱ्या वस्तूंच्या आकाराचे होते. कॅसेट प्लेअर, कॅमेरा, मायक्रोस्कोप, वॉल्थर पी-३८ पिस्तूल. कॅसेट प्लेअरचं बटण दाबलं की झाकण उघडायचं आणि आतून छोटी कॅसेट बाहेर यायची. ती कॅसेट उलगडली की तिचा जॅग्वार व्हायचा किंवा पक्षी.

अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने या दोन्ही घराण्यांमधली खेळणी उचलली आणि १९८४ साली एकाच नावाखाली, ट्रान्सफॉर्मर्स म्हणून, विकायला काढली. ही खेळणी हॅस्ब्रोच्या नजरेस आणून देण्याचं श्रेय बहुतेकदा हेन्री ओरेनस्टाइन या खेळण्यांच्या संशोधकाला दिलं जातं. गोष्ट रचायचं काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेलं. मुख्य संपादक जिम शूटर यांनी कथेचा सांगाडा दिला, डेनी ओनील यांनी ऑप्टिमस प्राइम हे नाव दिलं, आणि बाकीच्या बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव दिले बॉब बुडियान्स्की यांनी. कोण गर्विष्ठ, कोण भित्रा, कोणाला माणसांबद्दल माया, कोण युद्धाला कंटाळलेला, हे सगळं तिथे ठरलं.

आणि इथेच ती मोठी अदलाबदल झाली. नव्या गोष्टीत रोबो स्वतःच जिवंत होते. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरचे, स्वतःच्या मर्जीने ट्रक किंवा विमान होणारे. चालक नाहीसे झाले. पण प्लास्टिक ओतायचे पोलादी साचे फार महागडे असतात. गोष्ट बदलली म्हणून ते कोणी बदलत नाही. साचे तेच राहिले, आणि साच्यांबरोबर सीटाही राहिल्या, काचांमागच्या बैठकाही राहिल्या.

माझ्या संग्रहात सगळ्यांत जास्त वेळ मी ज्याच्याकडे बघत बसतो तो आयर्नहाइड आहे. लाल रंगाची निसान व्हॅनेट. टीव्हीवर याला रुंद जबड्याचं, करारी डोकं होतं. खेळण्याला डोकं नाहीच. व्हॅन उलगडली की पुढचा भाग उभा राहतो, त्याला हात-पाय फुटतात आणि खांद्यांच्या वर, जिथे मान असायला हवी तिथे, व्हॅनची पुढची काच असते. त्या काचेआड ड्रायव्हरची सीट. सीटच्या पाठीवर एक स्टिकर, आणि त्या स्टिकरवर छापलेला चेहरा. व्हॅनचा उरलेला अर्धा भाग वेगळा निघतो आणि त्याचा शस्त्रं लावलेला फिरता मंच होतो, तोही कोणीतरी चढून चालवावा असाच.

टीव्ही बघून हे खेळणं घेतलेल्या मुलांची किती निराशा झाली असेल ते मी समजू शकतो. पण डायाक्लोनच्या नजरेने बघा. तिथे डोक्याची गरजच नव्हती. जो माणूस त्या सीटवर बसणार तोच या यंत्राचं डोकं. त्याची नजर हीच यंत्राची नजर. ट्रान्सफॉर्मर्समध्ये त्या माणसाला जागा उरली नाही, म्हणून त्याच्या सीटवर चेहरा चिकटवला. दोन वेगवेगळ्या कल्पना एकाच काचेमागे बसल्या आहेत, एकीच्या मांडीवर दुसरी. आयर्नहाइडची नंतर निघालेली, भक्कम डोकं असलेली कितीतरी सुंदर खेळणी मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाचंही मला या बिनडोक व्हॅनइतकं वेड लागलेलं नाही.

दोन घराणी एकत्र आल्यामुळे मापाचाही गोंधळ उडाला. डायाक्लोनच्या गाड्या खऱ्या गाडीच्या साठाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि मायक्रो चेंजच्या वस्तू खऱ्या मापाच्या. म्हणून साउंडवेव्ह हा कॅसेट प्लेअर रोबो झाला की ट्रकच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि मेगाट्रॉन रोबोचा पिस्तूल होताना एकदम लहान होतो. गोष्टीत याचं समाधानकारक उत्तर कधीच मिळालं नाही. पण ही खेळणी शेल्फवर शेजारी शेजारी मांडली की मला दोन वेगळी जगं दिसतात. एकात माणूस यंत्राच्या आत चढून बसतो, दुसऱ्यात यंत्र माणसाच्या टेबलावर वस्तूचं सोंग घेऊन बसतं. मी माझ्याकडची खेळणी ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन, म्हणजे गोष्टीतले नायक आणि त्यांचे शत्रू, अशी मांडत नाही. या दोन घराण्यांप्रमाणे मांडतो. खेळण्यातली छोटी बीटल गाडी होणारा बम्बलबी आणि साउंडवेव्ह गोष्टीत हाडवैरी असले तरी माझ्याकडे एकाच फळीवर असतात, कारण दोघंही मायक्रो चेंजचे.

सगळीच मंडळी ताकाराची होती असंही नाही. शॉकवेव्ह हा टॉयको नावाच्या कंपनीचा. जेटफायर म्हणजे मूळचं ताकातोकू कंपनीचं व्हाल्किरी विमान, तेही कावामोरींनीच आखलेलं. ते ताकाराचं नव्हतं, म्हणूनच टीव्हीवर त्याचा चेहरामोहरा बदलून टाकावा लागला.

रूप बदलताना काय होतं ते मात्र सावकाश सांगायला हवं, कारण जुनी खेळणी आणि आजची खेळणी यांतला फरक तिथे आहे. ऑप्टिमस प्राइमचा ट्रक हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. छातीच्या भागात ओतीव धातू आहे, आणि तो हिवाळ्यात हाताला गार लागतो. केबिनच्या मागचा चाकांचा भाग म्हणजे पाय. ते सरळ केले की सांध्यातून टक् असा कोरडा आवाज येतो, आणि हा आवाज जितका स्वच्छ तितकं खेळणं निरोगी. पावलं दुमडून ठेवलेली असतात, ती पुढे वळवायची. बाजूंना चिकटलेले हात फिरवायचे, डोकं वर आणायचं. आणि शेवटी मुठी, त्या सुट्या. ट्रकच्या आकारात मुठींना कुठेच जागा नाही, त्यामुळे त्या वेगळ्या ठेवायच्या आणि रोबो झाला की मनगटात खोचायच्या. जगातल्या कितीतरी प्राइमांच्या मुठी सोफ्याखाली आणि बागेत गेल्या असणार.

आजची खेळणी याहून कितीतरी हुशार आहेत. त्यांची मूठ मनगटाच्या आत वळते, गुडघे वाकतात, कंबर फिरते. जुन्या प्राइमचे गुडघे उभं राहण्यापुरतेच. पण जुन्यात एक गोष्ट आहे जी मला नव्यात सापडत नाही: काहीही लपवलेलं नाही. कुठला भाग कुठून आला, कुठे तडजोड झाली, कुठे आखणाऱ्याने हात टेकले आणि मूठ बाजूला काढून ठेवली, ते सगळं उघड दिसतं. बम्बलबीचंच बघा. गुबगुबीत बीटल गाडी. मागचा भाग ओढला की पाय, दोन्ही बाजू ओढल्या की हात. चार-पाच हालचालींत संपतं, आणि तरी प्रत्येक वेळी त्या गाडीत एक जीव होता हे पटतं.

म्हणूनच सीलबंद खोक्यांचा मोह मला पडत नाही. खोक्यांचं सौंदर्य मला कळतं. लाल किंवा जांभळ्या पार्श्वभूमीवर रंगवलेला रोबो, मागे पसरलेलं युद्धाचं चित्र, आणि ती तक्त्याची चौकट. ताकद, बुद्धी, वेग, सहनशक्ती, हुद्दा, धैर्य, मारा, कौशल्य हे सगळे आकडे रंगीत रेघांच्या गुंत्यात लपवलेले, आणि लाल प्लास्टिकची पट्टी वर धरली की स्पष्ट दिसणारे. ती लाल पट्टी शाबूत असलेला संच मिळाला की मला आजही उकळ्या फुटतात. पण रूप बदलणं हाच ज्याचा प्राण, ते खेळणं चाळीस वर्षं एकाच रूपात कोंडून ठेवायचं हे मला बघवत नाही. त्याने एकदाही कूस बदललेली नसते.

शिवाय सील हे काही कवच नव्हे. धातूची चमक मिसळलेल्या काही सोनेरी प्लास्टिकला असा रोग लागतो की ते आतून ठिसूळ होत जातं आणि एक दिवस नुसतं बोट लावलं तरी भुगा होतो. संग्राहकांच्या जगात हा रोग कुप्रसिद्ध आहे, आणि जपानमध्ये १९८८ साली आलेला ब्लॅक झारॅक त्याचा सगळ्यांत ठाऊक असलेला बळी. खोकं उघडलं नाही म्हणून हा रोग थांबत नाही. मऊ रबरातलं तेलकट द्रव्य शेजारच्या कडक प्लास्टिकमध्ये उतरतं आणि तिथे डाग पडतो, तेही बंद खोक्यात होऊ शकतं. चंदेरी मुलामा सुटतो, स्टिकरचा गोंद वाळतो. आत काय शिल्लक आहे हे सीलबंद खोक्याच्या मालकाला नक्की ठाऊक नसतं.

पांढऱ्या प्लास्टिकचं पिवळं पडणं हा वेगळा विषय. जेटफायरचं अंग यासाठी प्रसिद्धच आहे. उजेड, उष्णता आणि हवा यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवलं की पिवळेपणा उतरतो, पण तो कालांतराने परत येऊ शकतो. मी हे करत नाही. सांधा सैल झाला असेल तर तो घट्ट करतो, गंजलेला स्क्रू बदलतो, धूळ मऊ ब्रशने काढतो. खेळणं हलायला हवं यासाठी जे लागेल ते करावं, असं माझं मत आहे. पण ते नवं दिसावं म्हणून काही करू नये. पिवळं पडलेलं अंग, अर्धवट सोललेला स्टिकर, कोणीतरी पेनाने तळपायावर लिहिलेलं नावाचं अद्याक्षर, हे सगळं त्या वस्तूचंच आहे. नव्याने छापलेले स्टिकर आज छान मिळतात आणि ज्यांना लावायचे त्यांनी जरूर लावावेत. माझ्या आयर्नहाइडच्या सीटवरचा चेहरा फिका झाला आहे. तो तसाच राहणार.

अस्सल आणि नक्कल ओळखणं हे मात्र शिकावंच लागतं. १९८५ पासून या खेळण्यांवर एक छोटी चौकोनी पट्टी येऊ लागली. अंगठ्याने घासून ती गरम केली की काळेपणा विरतो आणि खालून ऑटोबॉटचं किंवा डिसेप्टिकॉनचं चिन्ह वर येतं. नक्कल ओळखता यावी म्हणून केलेली ही युक्ती. जुन्या पट्ट्या आता थकल्या आहेत. काही कितीही घासल्या तरी गप्प बसतात. पण एखादी अजून जागी असते. अंगठ्याखाली ऊब तयार होते, क्षणभर काहीच दिसत नाही, मग कडेकडून रंग उजळत जातो, आणि अंगठा काढला की पुन्हा अंधारतं. अधिकृत पुनर्निर्मितीही असतात आणि त्यांत वाईट काही नाही, फक्त कुठलं कोणतं ते ठाऊक हवं. २००२ साली अमेरिकेत पुन्हा निघालेल्या प्राइमच्या धुराड्या आखूड केलेल्या आहेत. फोटोत आधी तिथे बघावं.

पायलट मला फार उशिरा मिळाला. सुट्या भागांच्या एका मिसळीत, बंदुका, क्षेपणास्त्रं, कोणाचं तरी पंखाचं टोक यांच्या गर्दीत तो होता. विकणाऱ्याने त्याचा वेगळा उल्लेखही केलेला नव्हता. रंग थोडा झिजलेला, एक हात किंचित सैल. पावलांतले चुंबक मात्र शाबूत. मी त्याला प्राइमच्या छातीवर उभं करून बघितलं, तो घसरला, कारण ओतीव धातू जस्ताचा असतो आणि जस्ताला चुंबक धरत नाही. पोलादी स्क्रूच्या डोक्यावर ठेवला तर टचकन चिकटला. मग मी छाती उघडली आणि त्याला आत बसवलं.

तो बरोब्बर बसला. पाठ पाठीला लागली, पाय पुढे सुटले, काच बंद झाली. बाहेरून बघितलं तर निळसर काचेआड एक सावली. मी आयुष्यभर ऑप्टिमस प्राइमला एक व्यक्ती म्हणून ओळखत आलो होतो, आणि त्या क्षणी तो एक वाहन झाला, कोणीतरी काळजीपूर्वक बांधलेलं आणि कोणाच्या तरी भरवशावर सोपवलेलं. मी पायलटला बाहेर काढलं, तो परत व्यक्ती झाला. ट्रकचा रोबो होण्यापेक्षा हे रूपांतर मला मोठं वाटलं, आणि त्यात एकही सांधा फिरला नव्हता.

मग सगळ्यांच्याच आत त्याला बसवून बघणं ओघाने आलं. प्राइमच्या ट्रेलरमधून सुटणारी रोलर नावाची छोटी सहाचाकी गाडी त्याच्यासाठीच आहे, ट्रेलरमधल्या यांत्रिक हाताच्या मनोऱ्यातही त्याची जागा आहे. आयर्नहाइडच्या सीटवर तो त्या स्टिकरच्या चेहऱ्यापुढे बसतो, आणि चेहरा त्याच्या पाठीमागे झाकला जातो. बम्बलबीत तो कुठेच मावत नाही, आणि मावणारही नाही. ते घराणंच वेगळं.

आता शोध आहे तो वारुडरांचा. डायाक्लोनमधले हे शत्रू कीटकांसारखे, आणि त्यांची यंत्रंही कीटकांची. तीच पुढे ट्रान्सफॉर्मर्समध्ये इन्सेक्टिकॉन झाली: श्रॅपनेल, किकबॅक, बॉम्बशेल. तिघांच्याही छातीवर पारदर्शक झाकण आहे आणि झाकणाखाली पोकळी. तिथे माणसाला बसवणं मला पटत नाही. ती जागा शत्रूची आहे, आणि त्या शत्रूची छोटी मूर्ती मूळच्या जपानी संचाबरोबरच यायची, त्यामुळे ती सुटी मिळणं दुर्मीळ. माझ्याकडे तिन्ही कीटक आहेत. श्रॅपनेलच्या झाकणाची बिजागरी सैल झाली आहे, ती आधी नीट करावी लागेल. किकबॅकची मात्र घट्ट आहे, तेव्हा पहिला वारुडर मिळाला की त्याला किकबॅकमध्येच बसवीन.